रावजी देसलेची उभी सायकल

शहापूरच्या बाजारात सायकलवर बसून एका जागी उभा राहणारा माणूस मी एकच पाहिला. पाय जमिनीला टेकलेला नाही, हात कुठल्या खांबाला नाही, पुढचं चाक किंचित डावीकडे वळलेलं, आणि वर बसलेला माणूस दुकानदाराशी मिठाच्या भावाबद्दल शांतपणे बोलतो आहे. दुकानदार मीठ तोलून पुडी बांधीपर्यंत चाक दोन बोटं पुढे जाई, दोन बोटं मागे येई, तेवढंच. पुडी हातात पडली की सायकल निघून जाई. त्या माणसाचं नाव रावजी देसले.

मी १९३७ साली इंग्रजी शिकवायला शहापूरला आलो, त्या पहिल्या आठवड्यातलं हे दृश्य आहे. त्याआधी चार वर्षं मी मुंबईच्या एका दैनिकात परदेशी तारांचं भाषांतर करत होतो. फुप्फुसाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी शहर सोडायला सांगितलं. दैनिकाने मला वार्ताहर म्हणून ठेवून घेतलं होतं. महिन्याला दोन-तीन लहान बातम्या मी पाठवत असे. रावजीशी संबंध असलेली बातमी मी नऊ वर्षांत एकदाच दिली. ती अचूक होती आणि खोटी होती.

रावजी नळावर कामाला होता. तानसाच्या तलावातून मुंबईला पाणी नेणारे लोखंडी नळ त्या भागातून जंगलाच्या कडेकडेने जातात. माणूस आत ताठ चालेल एवढे ते मोठे आहेत. नळाच्या बाजूने कच्ची वाट होती. त्या वाटेचा सात-आठ मैलांचा तुकडा रावजीकडे होता. रोज सकाळी तो सायकलने निघे, ठरलेल्या जागी थांबे, एक लोखंडी सळई नळाला लावी आणि तिचं दुसरं टोक कानाला. गळती असली की त्याला ऐकू येई. त्यासाठी दर वेळी सायकलवरून उतरायचा त्याला कंटाळा होता. एका हाताने सळई धरायची, दुसऱ्या हाताने हँडल, आणि सायकल जागच्या जागी उभी ठेवायची, ही विद्या आपण त्या कंटाळ्यातून शिकलो असं तो सांगे.

"पाणी धड असलं की गप ऱ्हातं, मास्तर. भोक पडलं की बोलाया लागतं," तो म्हणे.

त्याची बायको यमुना हे ऐकून एकदा म्हणाली, "मंग ह्यांना कुठं भोक पडलंय ते बघा जरा. सकाळपासून चालू हाय."

सायकल उभी राहते यात एक युक्ती होती आणि ती तो लपवत नसे. त्याने फ्रीव्हील ठोकून बंद केलं होतं. त्यामुळे चाक फिरलं की पायडल फिरायचंच, आणि पायडल मागे दाबलं की चाकही मागे यायचं. उतारावर पाय सोडून आरामात बसणं त्याला शक्य नव्हतं. "फुकट जायाचं नाय. चाक गेलं की पाय गेला पायजे," एवढंच तो त्यावर म्हणे. त्याचं वय तेव्हा पस्तीसच्या आसपास असावं. अंगाने काटक, मिश्या कातरलेल्या, खाकी अर्धी चड्डी, डोक्याला पांढरं फडकं. समोरचा एक दात अर्धा तुटलेला. त्या दाताची हकिगत पुढे आहे.

शर्यतींचं वेड त्याच्या डोक्यात भरवलं ते तानसाच्या बंगल्यात राहणाऱ्या एका गोऱ्या इंजिनियरने. त्याला सगळे नुसतं साहेब म्हणत. साहेब तरुणपणी तिकडे सायकलच्या शर्यतींत उतरला होता, असं रावजी सांगे. खरं-खोटं मला कळलं नाही. एवढं खरं, की साहेबाकडे विलायतेहून सायकल शर्यतींचं एक साप्ताहिक येई. बोटीने येत असल्यामुळे ते तीन-चार आठवडे शिळं असे. साहेबाने वाचलं की ते रावजीला मिळे, आणि रावजी बाजारच्या दिवशी ते सदऱ्याच्या आत गुंडाळून माझ्या खोलीवर घेऊन येई. त्याचं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं. इंग्रजी मजकूर मी वाचायचा, मराठीत सांगायचा, आणि मग प्रश्न सुरू व्हायचे.

त्याचे प्रश्न मला वृत्तपत्राच्या कचेरीतही कोणी विचारले नव्हते. जगाचं अजिंक्यपद म्हणजे जग कोणी बोलावलं? पहिल्यांदा कुठे ठरलं? एका जुन्या अंकात त्याचं उत्तर सापडलं. पहिल्या शर्यती अमेरिकेत शिकागोला झाल्या, १८९३ साली, तिथे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं त्या वेळी. मी प्रदर्शन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तंबू, दुकानं, यंत्रं, पाळणे, लांबून आलेली माणसं.

"म्हंजी जत्राच की," रावजी म्हणाला. त्याला फार बरं वाटलेलं दिसलं. जगाची पहिली शर्यत जत्रेत झाली, हे तो पुढे कित्येक महिने भेटेल त्याला सांगत होता.

शर्यतींची वाट लाकडाची आणि वळणावर भिंतीसारखी तिरकी उभी असते, असं मी वाचलं तेव्हा त्याचा विश्वास बसला नाही. उभ्या भिंतीवरून सायकल खाली का पडत नाही? मला भौतिकशास्त्र बेताचंच येत होतं. पुढच्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो तर तो चुलीपुढे उकिडवा बसून पितळेच्या परातीत एक हरभरा फिरवत होता. परात हलवली की हरभरा कडेवर चढे, थांबवली की तळाशी घसरे. रावजीच्या चेहऱ्यावर घाम होता.

"जोर असला की वर ऱ्हातो, मास्तर. जोर गेला की खाली. भिंत त्याला धरून नाय, त्योच भिंतीला धरून हाय."

"परात द्या अवो," यमुना म्हणाली. "पीठ भिजवायचंय. मास्तर भाकर खातील का हरबरा?"

दाताची गोष्ट मोटारीच्या शर्यतीची आहे. तिकडे एक शर्यत अशी होती, की पुढे मोटारसायकल धावते आणि तिच्या अगदी पाठीला लागून सायकलवाला. त्याहून जुन्या काळी पुढे पाच-पाच माणसं बसलेली लांब सायकल असे. तिचं चित्र रावजीने बराच वेळ पाहिलं. पाच माणसं एकापाठी एक, एकाच सायकलीवर, आणि सगळ्यांच्या मिश्या सारख्या. पुढचा वारा अडवतो म्हणून मागच्याला जोर कमी लागतो, हे मी सांगितलं. त्याने मान हलवली. पटलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी तो अर्ध्या दातानिशी आला. नळाच्या कामावरची मोटार-लॉरी खडी घेऊन चालली होती. रावजी तिच्या पाठीला लागला आणि पाठीला लागूनच त्याने काडी ओढून विडी पेटवली.

"काडी विझली नाय," तो म्हणाला. "धावत्या गाडीमागं काडी सरळ जळली, मास्तर. आत वाराच नाय. देवळात दिवा लावावा तशी जळली."

"मग दात?"

"डायवर थांबला. मी विडीत व्हतो."

मला त्याच्याबद्दल कुतूहल वाटू लागलं ते तेव्हापासून. माझ्या धंद्यात छापलेलं खरं धरून चालतात. हा माणूस छापलेल्यावर माझ्याहून जास्त श्रद्धा ठेवी, आणि तरीही काडी ओढून पाहत असे.

आता गणपत बांगर. तो मूळचा मुरबाडकडच्या एका गावचा, पण आटगाव स्टेशनजवळ राही. स्टेशनवरून साहेबाचं टपाल आणि पाव सायकलवर बंगल्यात पोचवणं हे त्याचं काम. म्हणजे ते साप्ताहिक रावजीच्या हाती यायच्या आधी गणपतच्या पिशवीतून जात असे. रावजीपेक्षा तो पाच-सहा वर्षांनी लहान, अंगाने आडवा, आणि जोर लावण्यात त्याची बरोबरी करणारा त्या पट्ट्यात कोणी नव्हता. उभं राहण्यात मात्र तो कच्चा होता. "उभं राहायला सायकल कशाला? पाय हायत ना," असं तो रावजीला चिडवी. तरी रावजीने त्याच्याही सायकलचं फ्रीव्हील ठोकून दिलं होतं आणि दोघे नळाच्या वाटेवर शर्यती लावत.

साहेबाकडे एक शर्यतीची सायकल होती. काळी, हलकी, हँडल खाली वळलेलं, टायर बोटाएवढे बारीक. ब्रेक नव्हते. मडगार्ड, घंटी, कॅरियर काहीच नव्हतं. रावजी ती एका हाताने उचलून दाखवी. १९३९च्या पावसाळ्याअखेर युद्ध सुरू झालं आणि साहेबाला परत बोलावणं आलं. जाताना सायकल नेणं शक्य नव्हतं. ती रावजी आणि गणपत, दोघांनाही हवी होती. साहेबाने ती कोणा एकाला देण्याचं टाळलं. तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाला, आणि गेला.

दोघांनी ठरवलं ते असं. साहेबाकडून आलेल्या शेवटच्या अंकात एक फोटो होता. त्या ऑगस्टच्या अखेरीस इटलीत मिलान शहरी अजिंक्यपदाच्या शर्यती सुरू झाल्या होत्या. अंक छापायला गेला तेव्हा धंदेवाईक स्वारांची शेवटची शर्यत व्हायची होती. फोटोत त्या शर्यतीला उरलेले, धावणारे दोन स्वार होते. धावणारे म्हणजे उभे असलेले. ही शर्यत दोघांचीच असते, आणि तिची रीत अशी, की सुरुवातीला कोणीच पुढे जायला मागत नाही. पुढे गेलेल्याला मागचं दिसत नाही आणि मागच्याला वारा लागत नाही. म्हणून जगातले सगळ्यात वेगवान दोन स्वार कधी कधी वाटेत थांबतात आणि सायकलवर बसून एकमेकांची वाट पाहतात. रावजीला हे वाचून दाखवलं त्या दिवशी त्याने अंक हातात घेऊन फोटो उजेडाकडे धरला. नळाच्या वाटेवर एकट्याने शिकलेली गोष्ट मिलानला दोन माणसं करत होती.

त्या दोघांची नावं मी वाचून दाखवली, पण ती दोघांच्याही जिभेवर बसेनात. रावजी एकाला पुढचा म्हणे, दुसऱ्याला मागचा, फोटोत ते जसे उभे होते तसे. रावजीने मागचा घेतला. गणपतने पुढचा. ज्याचा माणूस मिलानला जिंकेल, सायकल त्याची. निकाल येईपर्यंत सायकल तिसऱ्याकडे ठेवायची. तो तिसरा मी होतो. माझ्या खोलीच्या तुळईला दोन दोर बांधून ती टांगली.

गणपत सायकलचं काय करणार, हे तो सांगून चुकला होता. "तिला ब्रेक बशिवतो, मागं कॅरियर लावतो. दोन डबे दूध बसंल."

रावजी त्यावर मला एकट्याला म्हणाला, "कॅरियर लावणार म्हनं. मोराला जू."

साहेबाच्या नावाने यायचा पुढचा अंक आला नाही. त्याच्या पुढचाही नाही. रावजी दर बाजारच्या दिवशी येई, सायकलकडे पाही, आणि विचारी, "मिलानचं काय कळलं?" शेवटी मी मुंबईला माझ्या जुन्या सहकाऱ्याला पत्र टाकलं. त्याचं उत्तर यायला वेळ लागला. त्याने तारांच्या फायली चाळल्या होत्या. शर्यती चालू असताना युद्ध सुरू झालं, माणसं आपापल्या देशाला निघून गेली, आणि ती शेवटची शर्यत झालीच नाही.

रावजी दारात सायकलवर उभा होता. मी पत्र वाचून दाखवलं.

"म्हंजी हारलं कोनीच नाय?"

"नाही."

"जिंकलं पन नाय."

"नाही."

त्याचं चाक दोन बोटं पुढे गेलं आणि मागे आलं. "मंग ती दोघं आजून तितंच हायत, मास्तर. फोटो बघा तुमी," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "गणपतला बोलवा. त्यांची ऱ्हायली ती आपून लावू."

जागा गणपतने सुचवली. त्याच्या गावची जत्रा चैत्रात भरे. गावचं तळं तोवर कोरडं पडलेलं असे. तळ सपाट आणि कडा चहूबाजूंनी तिरक्या. रावजीने पाहिलं आणि म्हणाला, "परात." दोघांनी आठवडाभर बैलांमागे लाकडाचा ओंडका बांधून कडेकडेची वाट दाबून घेतली. लोकांना कळेना की कोरड्या तळ्यात हे काय पेरणार आहेत.

त्या जत्रेत सायकलची एक शर्यत आधीपासून होती, सावकाश सायकल. दहा-बारा जण उतरत. पाय टेकला तो बाद, आणि सगळ्यांच्या शेवटी पोचेल तो पहिला. त्या भागात सायकलची शर्यत म्हणजे हीच. रस्ते असे होते की वेगाने जाण्यात कोणाला बहादुरी वाटत नसे, न पडता जाण्यात वाटे. निकाल देणारे गावचे पोलीस पाटील. रावजीने त्यांना आदल्या दिवशी सगळं समजावलं होतं: तीन फेऱ्या, आधी हळू, मग थांबणं, मग जोर, पुढे येईल तो जिंकला. पाटलांनी मान डोलावली होती. त्यांच्याभोवती तेव्हा कुस्त्यांच्या जोड्या लावून घेणारी माणसं उभी होती.

मी त्या दिवशी काठावर होतो. शहापूरहून मुरबाडपर्यंत खटारा मोटारीने आलो होतो आणि तिथून बैलगाडीने. माणसं तळ्याच्या चारी कडांवर बसली होती. पहिली फेरी दोघांनी चालत्या माणसाच्या गतीने काढली. दुसरी त्याहून हळू. गणपत पुढे, रावजी मागे, फोटोत होतं तसं. तिसऱ्या फेरीला वडाच्या बाजूला दोघेही थांबले.

काठावरची माणसं आधी वाकून पाहू लागली. मग हसू फुटलं.

"काय रे, टायर बसली का दोघांची?"

"उतरा खाली, म्हशी पाजायच्या हायत."

"तळ्याला पानी येस्तवर उभी ऱ्हानार वाटतं."

गणपतचे हात थरथरत होते, ते वरूनही दिसत होतं. रावजी त्याच्या मागच्या चाकाकडे पाहत होता. माझ्या घड्याळाने चार मिनिटं गेली. गणपतची मान वळली, आणि तो सुटला. रावजी त्याच्यामागे तिरक्या कडेवर चढला, वरून खाली आला, आणि शेवटच्या वळणावर त्याच्या बाजूने पुढे निघाला. शेवटाची म्हणून टाकलेली दोरी ओलांडताना रावजीचं चाक वीतभर पुढे होतं. मी दोरीच्या रेषेत उभा होतो. याबद्दल मला शंका नाही.

पाटील नारळ आणि फेटा घेऊन आले. ते रावजीपाशी थांबले नाहीत. गणपतच्या हातात नारळ दिला आणि म्हणाले, "मागं ऱ्हायला तो गणपत. पयला नंबर." लोकांनी शिट्ट्या मारल्या. गावचाच माणूस होता. त्याला काही बोलायला मिळायच्या आत डोक्याला फेटा गुंडाळून झाला होता.

मी पाटलांकडे गेलो. "पाटील, ही सावकाश सायकल नव्हती."

"मास्तर, दोघं उभी ऱ्हायली का नाय?"

"राहिली."

"मंग? उभी ऱ्हायची शर्यत येकच असती. बारा वरीस मी निकाल देतोय." त्यांना कुस्त्यांकडे जायचं होतं.

मी रावजीकडे पाहिलं. तो धापा टाकत हँडलवर ओणवला होता. "पंच बोलला तो निकाल," एवढंच तो म्हणाला.

त्या रात्री मी बातमी लिहिली. कचेरीत मला शिकवलं होतं, की निकाल पंचांचा आणि मत आपलं, बातमीत निकाल जातो. मी तसं लिहिलं: जत्रेतल्या सायकल शर्यतीत श्री. गणपत बांगर पहिले आले. दीड ओळ. पाचव्या दिवशी ती छापून आली. रावजीने माझ्याकडून ते पान मागून घेतलं, कात्रीने तेवढी बातमी कापली आणि साहेबाच्या अंकांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली.

पुढच्या बाजारी गणपत माझ्या खोलीवर आला. नारळ त्याच्या हातात होता, फोडलेला नव्हता. रावजी आधीच येऊन बसला होता. सायकल त्या दोघांच्या डोक्यावर टांगलेली होती.

गणपतने नारळ रावजीपुढे ठेवला. "हा तुजा. तू फुडं गेलास. मला ठावं हाय, तुला ठावं हाय, मास्तरांना ठावं हाय."

"पंचांना नाय ना."

"पंचांना म्हशीचं शिंग आनि शेपूट कळत नाय. घे म्हनतो ना."

"छापून आलंय, गणपत. पंचाचा निकाल फिरवत नायत. मिलानला पन नाय फिरवत." रावजीने नारळ परत सरकवला. "तू जिकलास."

"मंग सायकल माजी?"

रावजी काही वेळ वर टांगलेल्या चाकांकडे पाहत राहिला. तो हो म्हणेल असं मला वाटलं, आणि तो हो म्हणायला तयार होता असं मला आजही वाटतं. मग तो डब्याकडे वळला आणि एक अंक काढून माझ्या हातात दिला. "मास्तर, ते तीनाचं वाचा."

ते खरं होतं. मी स्वतःच ते त्याला पूर्वी वाचून दाखवलं होतं आणि विसरलो होतो. शेवटची शर्यत एका धावेत ठरत नाही. तीनांत ज्याच्या दोन, तो अजिंक्य.

"येक तुजी झाली," रावजी म्हणाला. "आजून येक जिक, मंग घेऊन जा. लाव कॅरियर."

गणपतने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "हे आदी का नाय सांगितलंस रे?"

"आदी विचारलंस कुठं?"

नारळ आम्ही तिघांनी तिथेच फोडून खाल्ला.

दुसरी धाव लवकर झाली नाही. आधी पावसाळा आला, मग गणपतच्या घरी आजारपण, मग युद्धामुळे टायर मिळेनासे झाले. मुरबाडच्या रस्त्यावर मी टायरऐवजी दोरखंड गुंडाळलेल्या सायकली पाहिल्या. रावजी तीन वर्षं नळाच्या वाटेने बहुतेक चालत गेला. गणपत टपालाचं काम सुटल्यावर दूध पोचवू लागला, तेही चालत. माझ्या तुळईवरच्या सायकलचे टायर वाळले, त्यांना भेगा पडल्या. रावजी महिन्यातून एकदा येई, खोबरेलाचं बोट साखळीला लावी, दोन्ही चाकं फिरवून बघे आणि परत जाई. खाली उतरवून तो तिच्यावर एकदाही बसला नाही. मी एकदा सुचवलं. "आजून माजी नाय," तो म्हणाला. गणपत आला की तोही वर पाही. त्याने कॅरियरचं नाव काढणं कधी सोडलं ते मला सांगता येणार नाही. पण सोडलं होतं.

१९४६ साली एका इंग्रजी दैनिकात कोपऱ्यात चार ओळी दिसल्या. अजिंक्यपदाच्या शर्यती युरोपात पुन्हा सुरू झाल्या होत्या. मी रावजीला वाचून दाखवल्या. त्याने विचारलं, "पुढचा-मागचा दोघं वाचली का?" त्या चार ओळींत ते नव्हतं.

"वाचली असतील," तो म्हणाला. "मंग आपली पन होऊ दे."

त्याच हिवाळ्यात मी शहापूर सोडलं. दैनिकाने परत बोलावलं होतं आणि छाती बरी झाली होती. सामान पुढे पाठवून मी शेवटच्या दिवशी रावजीच्या घरी गेलो. तिथून बैलगाडीने आटगाव गाठून गाडी धरायची होती. साहेबाची सायकल मी सोबत आणली होती. तिचा सांभाळ आता माझ्याकडे राहू शकत नव्हता. गणपतही आला होता. दोघांनी कुठून कुठून टायर मिळवले होते. नळाच्या वाटेवर, वाटेखालून ओढ्याचं पाणी जायच्या एका मोरीपासून दुसऱ्या मोरीपर्यंत जाऊन परत यायचं, असं ठरलं. पंच मी. काळी सायकल नळाला टेकवून ठेवली. भात कापून झालं होतं आणि दोन्ही बाजूंची खाचरं मोकळी पडली होती.

ते निघाले. लांबच्या मोरीला वळसा घालून संथ परत आले. गणपत पुढे, रावजी मागे. माझ्यापासून पन्नासएक पावलांवर ते थांबले. मी घड्याळ पाहून ठेवलं. गणपतचे हात या वेळी थरथरत नव्हते. सात वर्षांत तोही उभं राहायला शिकला होता.

गाडीवाल्याने हाक मारली, "मास्तर, टाइम झाला. गाडी चुकंल."

मी हललो नाही. रावजी मान न वळवता म्हणाला, "जावा मास्तर. रेलगाडी काय उभी ऱ्हायाची नाय."

"निकाल कोण देणार?"

"आमी देऊ की," गणपत म्हणाला. तोही समोरच पाहत होता. "आता आमाला येतोय."

पुढच्या दोन वर्षांत रावजीची दोन कार्डं आली. नळाच्या एका मोठ्या गळतीबद्दल होतं, यमुनेच्या डोळ्यांबद्दल होतं, गणपतचा नमस्कार होता. शर्यतीबद्दल, सायकलबद्दल काही नव्हतं. एका ओळीचं पत्र टाकून मला विचारता आलं असतं. मी टाकलं नाही.

त्या दिवशी मी बसलो ती बैलगाडी चढावर होती, त्यामुळे वाट बराच वेळ दिसत राहिली. नळाला टेकलेली काळी सायकल, आणि तिच्या अलीकडे ते दोघे. यमुना डोक्यावर हंडा घेऊन पाण्याहून आली. वाट अरुंद होती. तिने दोघांकडेही न पाहता त्यांना वळसा घातला आणि घराकडे गेली. मी घड्याळ काढलं. झाडी आड येऊन ते दिसेनासे झाले तेव्हा त्यांना थांबून अकरा मिनिटं झाली होती, आणि दोघांपैकी कोणाचाही पाय जमिनीला लागलेला नव्हता.